पाण्याच्या रांगेतली मुलं : आपत्ती आणि संघर्षातून सावरणाऱ्या वस्त्यांत किशोरवयीनांपर्यंत आरोग्यसेवा कशी न्यावी

आपत्तीनंतर उभ्या राहिलेल्या कुठल्याही वस्तीत सकाळी लवकर एक फेरी मारा. पाण्याच्या रांगेत कॅन घेऊन उभी असतात ती बारा ते सतरा वर्षांची मुलंमुली. धान्यवाटपाच्या रांगेतही तीच. धाकट्या भावंडाला कडेवर घेतलेली तीच आणि पडक्या घराच्या ढिगाऱ्यातून पत्रे ओढून काढणारीही तीच. मग दहा वाजता आरोग्य तपासणीचा तंबू उघडतो. तिथे गरोदर बाया असतात, तान्ही बाळं असतात, म्हातारी माणसं असतात. सकाळची ती मुलं मात्र तिथे नसतात, कारण ती कामावर असतात.

या लेखात जे काही सांगितलं आहे ते याच गोष्टीभोवती फिरतं. सावरणाऱ्या समाजात किशोरवयीन मुलं म्हणजे घराचे कामाचे हात. त्यांच्या दिवसाला जो कार्यक्रम बसत नाही, त्याला ती येत नाहीत. मग अहवालात ‘युवकांचा अल्प प्रतिसाद’ असं लिहिलं जातं आणि विषय संपतो.

ती कागदावरही नीट दिसत नाहीत. किशोरवय म्हणजे १० ते १९ वर्षं, असं जागतिक आरोग्य संघटना मानते. पण आणीबाणीतले तक्ते बहुधा ‘पाच वर्षांखालील बालकं’ आणि ‘१५ ते ४९ वयाच्या स्त्रिया’ असे असतात. बारा वर्षांची मुलगी यातल्या कुठल्याच रकान्यात बसत नाही, चौदा वर्षांचा मुलगा तर नाहीच नाही.

पहिली पायरी : मोजा, पण जपून

तुमच्या नोंदीत १०–१४ आणि १५–१९ असे दोन गट वेगळे ठेवा, आणि मुलगे-मुली वेगळे. अकरा वर्षांच्या मुलाच्या आणि अठरा वर्षांच्या मुलाच्या गरजा एका सत्रात बसवायला गेलात तर दोघंही कंटाळतात. त्यापुढे आणखी काही गट शोधावे लागतात. शाळा सुटलेली, लग्न झालेली, स्वतःच आई झालेली, आईवडिलांविना राहणारी, अपंगत्व असलेली, सशस्त्र गटातून परत आलेली. ही मुलं सभेला येत नाहीत, त्यामुळे सभेत विचारून ती सापडत नाहीत. शेजारणींना, शिक्षकांना, पाणी सोडणाऱ्या माणसाला विचारा.

माहिती काढण्याची सगळ्यात सोपी रीत म्हणजे नकाशा. मोठा कागद द्या आणि मुलींच्या गटाला वस्ती काढायला सांगा. कुठे जाता, कुठे जायचं टाळता, अंधार पडल्यावर कुठली वाट बदलता? मुलग्यांच्या गटाकडून वेगळा नकाशा काढून घ्या. दोन्ही कागद शेजारी ठेवले की एकाच वस्तीत दोन वस्त्या दिसतात. प्रश्न नेहमी ‘इथल्या मुलींना’ असा विचारायचा, ‘तुला’ असा नाही. गटात बसलेल्या मुलीला स्वतःवर झालेला अत्याचार सांगायला लावणं ही इजाच आहे. आणि ज्या प्रश्नाच्या उत्तरावर तुम्ही काहीच करू शकणार नाही, तो प्रश्न विचारूच नका.

संघर्षग्रस्त भागासाठी एक जास्तीची काळजी. पंधरा ते अठरा वयाच्या मुलग्यांची नाव-पत्त्यासकट यादी ही तिथे आरोग्याची नोंद राहत नाही. चुकीच्या हाती गेली तर ती भरतीची किंवा धरपकडीची यादी होते. म्हणून सुरुवातीपासून सांकेतिक क्रमांक वापरा, नावांची वही वेगळी आणि कुलपात ठेवा. ती ठेवायची गरजच नसेल तर आणखी चांगलं.

दुसरी पायरी : पुढची दारं उघडी आहेत का, ते आधी पाहा

इथे बहुतेक कार्यक्रम चुकतात. आधी जागृतीची सत्रं होतात, मुलगी धीर करून काहीतरी सांगते, आणि मग कार्यकर्ती फोन लावत बसते की आता हिला पाठवायचं कुठे. क्रम उलटा हवा. पहिल्या सत्राआधी उपचाराची पूर्ण साखळी हातात पाहिजे.

लैंगिक अत्याचारानंतरची मुदत तर तोंडपाठ हवी. एचआयव्हीला अटकाव करणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितकी लवकर तितकी चांगली, आणि ती २८ दिवस घ्यायची असतात. नको असलेली गर्भधारणा टाळण्याची तातडीची गोळी १२० तासांपर्यंत देता येते, पण तिचाही परिणाम उशिराबरोबर कमी होत जातो. ७२ तास उलटून गेले म्हणून कुणाला परत पाठवायचं नाही. जखमा, संसर्ग, धनुर्वात, मनावरचा ताण या सगळ्यावर नंतरही उपचार असतात. आणीबाणीत प्रजनन आरोग्याच्या किमान सेवा कोणत्या, याचं आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य झालेलं एक प्राथमिक पॅकेज आहे आणि ते शक्यतो पहिल्या ४८ तासांत सुरू व्हावं अशी अपेक्षा असते. तुमच्या भागात ते कोण राबवतंय, हे आरोग्याच्या समन्वय बैठकीत विचारा.

मग स्वतः त्या दवाखान्यापर्यंत चालत जा. किती वेळ लागतो? वाटेत तपासणी नाका आहे का? दारावरचा माणूस सगळ्यांसमोर ‘काय होतंय’ म्हणून विचारतो का? आईवडिलांची सही नसेल तर परत पाठवतात का? पोलिसांचा कागद आणल्याशिवाय उपचार करत नाहीत, असं काही आहे का? औषध साठ्यात आहे, की फक्त यादीत? हे सगळं एका पानावर लिहा आणि दर महिन्याला पुन्हा तपासा. सावरण्याच्या काळात संस्था येतात-जातात, फोन नंबर मरतात.

गुप्ततेबद्दल मुलांशी खोटं बोलायचं नाही. काही देशांत अल्पवयीनावरच्या अत्याचाराची माहिती पोलिसांना कळवणं कायद्याने बंधनकारक असतं. तुमच्या इथे काय नियम आहे ते आधी नीट समजून घ्या आणि मुलीने बोलायला सुरुवात करण्यापूर्वीच तिला सांगा. साधारण असं: ‘तू जे सांगशील ते मी इकडे-तिकडे बोलणार नाही. पण तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, किंवा कायद्याने मला कळवावंच लागत असेल, तर मी मदत घेईन. आणि ती घेण्याआधी तुला सांगेन.’ हे ऐकून एखादी मुलगी गप्प बसेल. बसू द्या. पुढच्या आठवड्यात ती तुम्हाला पुन्हा जोखेल.

तिसरी पायरी : मोठ्यांशी बोलणं

आईवडील, वस्तीतले जाणते, धार्मिक पुढारी, शिक्षक, विवाहित मुलींच्या सासवा. यांना वळसा घालून गेलेला कार्यक्रम एका अफवेत बंद पडतो. सुरुवात त्यांच्याच काळजीपासून करा. मुलगी दमते, मुलगा रात्री झोपत नाही, ढिगाऱ्यात पाय कापला, शाळा कधी सुरू होणार. त्यातूनच शरीर, पाळी, लग्नाचं वय, व्यसन या विषयांकडे जाता येतं. विषय लपवू मात्र नका. सत्रांची यादी पालकांना वाचून दाखवा. नंतर कळलेली गोष्ट नेहमी दुप्पट मोठी होऊन येते.

जिथे दोन गट एकमेकांविरुद्ध लढले, तिथे कार्यकर्ता कुणाचा, जागा कुणाच्या हद्दीत, गाडी कुणाची, हे सगळं वाचलं जातं. हत्यारबंद माणसं बरोबर घेऊन मुलांच्या सत्राला जाऊ नका. मदतीवरचं लेबलही जपून वापरा. इंडोनेशियातल्या आचे प्रांतात जवळजवळ तीन दशकं संघर्ष चालू होता. २६ डिसेंबर २००४ च्या सुनामीने तिथला किनारा उद्ध्वस्त केला, आणि ऑगस्ट २००५ मध्ये शांतता करार झाला. सुनामीग्रस्त किनाऱ्याकडे जगभरातून मदत आली. आतल्या भागातल्या संघर्षग्रस्त गावांच्या वाट्याला त्यामानाने फारच थोडी आली. नुकसान दोघांचंही झालं होतं. म्हणून मुलांचा कार्यक्रम ‘पूरग्रस्तांसाठी’ किंवा ‘विस्थापितांसाठी’ असा न ठेवता त्या परिसरातल्या सगळ्या मुलांसाठी ठेवा, ज्यांच्या जमिनीवर छावणी बसली आहे त्या मूळ गावातल्या मुलांसकट.

चौथी पायरी : वेळ आणि जागा

एका कागदावर दिवसाचे तास लिहा आणि मुलींना भरायला सांगा. उठणं, पाणी, स्वयंपाक, भावंडं, सरपण, रांग, पुन्हा पाणी. दुपारी कुठेतरी तीस-चाळीस मिनिटांची फट सापडते. तुमचं सत्र त्या फटीत बसवायचं. मुलग्यांची फट वेगळी असते, बहुधा काम सुटल्यावर संध्याकाळी. कार्यालय पाचला बंद होतं ही तुमची अडचण आहे, त्यांची नाही. लहान भावंडांना घेऊन येण्याची मुभा द्या आणि त्यांना सांभाळायला एक माणूस ठेवा. या एका सोयीने मुलींची हजेरी जितकी वाढते तितकी कुठल्याही पोस्टरने वाढत नाही, असं माझं ठाम मत आहे.

वार आणि वेळ ठरली की बदलायची नाही. ज्यांचं घर, शाळा, कधीकधी आईबापही एका दिवसात गेले, त्यांच्यासाठी ‘दर मंगळवारी येणारी ताई खरंच दर मंगळवारी येते’ ही मोठी गोष्ट असते. आठवड्याला दोन सत्रं घोषित करून एक रद्द करण्यापेक्षा एकच ठेवा.

जागेवर ‘लैंगिक आरोग्य केंद्र’ अशी पाटी लागली की कुणी फिरकणार नाही. शिवणकाम, मोबाइल दुरुस्ती, खेळ, अभ्यास असं काहीतरी जिथे चालतं, तिथेच एक कोपरा बोलण्यासाठी राखा. कोपरा असा हवा की आतली माणसं दुरून दिसतील, पण त्यांचं बोलणं ऐकू येणार नाही. मुलीचं रक्षण त्याने होतं आणि कार्यकर्त्याचंही.

शौचालयं पाहायला विसरू नका. मानवतावादी मदतीच्या स्फिअर मानकांत (२०१८ ची आवृत्ती) लांबणाऱ्या मुक्कामासाठी २० माणसांमागे किमान १ शौचालय आणि स्त्रियांसाठी पुरुषांच्या तिप्पट शौचालयं सुचवली आहेत. पण आकडा पूर्ण होऊनही आतून कडी नसेल, दिवा नसेल, तर मुली संध्याकाळनंतर पाणी प्यायचं सोडतात आणि मग मूत्रमार्गाचा संसर्ग घेऊन तुमच्याकडे येतात. अशा वेळी औषधाइतकीच कडी महत्त्वाची. ती बसवून घेणं हेही तुमचंच काम समजा.

जी येऊ शकत नाहीत त्यांच्याकडे जावं लागतं. लग्न झालेल्या मुलींकडे बाळाच्या तपासणीच्या निमित्ताने, अपंग मुलांकडे घरी, मुलग्यांकडे मैदानावर, गॅरेजमध्ये, मोबाइल चार्जिंगच्या जागी.

पाचवी पायरी : माणसं

मुलं मुलांशी जास्त मोकळेपणाने बोलतात, म्हणून त्यांच्यातलेच सोबती कार्यकर्ते निवडा. फक्त हुशार आणि बोलकी मुलंच निवडू नका. त्यांना प्रशिक्षण द्या, कामाचा मोबदला द्या आणि मर्यादा आखून द्या. माहिती सांगणं, सोबत जाणं, ओळख करून देणं हे त्यांचं काम. आत्महत्येचा विचार किंवा बलात्कार या गोष्टी एकट्याने हाताळणं त्यांचं काम नाही. सोळा वर्षांच्या मुलीवर तो भार टाकला तर तीच कोलमडते. दर आठवड्याला या सोबत्यांचंही कुणीतरी ऐकून घेतलं पाहिजे.

मुलांच्या सहभागाचे अभ्यासक रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी लिहिताना मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. त्यातल्या खालच्या तीन पायऱ्यांना त्यांनी सहभाग मानलंच नाही: मुलांचा वापर करून घेणं, शोभेला उभं करणं, नावापुरतं बोलावणं. पाहुणे आले की फलक धरून उभी केलेली मुलं आठवा. खरा निर्णय मुलांच्या हाती द्यायचा तर लहानापासून सुरुवात करा: सत्राची वेळ, पॅड कोणते, जागा कुठली. पॅडचंच घ्या. धुऊन वापरायचे की एकदाच वापरायचे, हे दूर बसून ठरवलं जातं. मग वस्तीत धुवायला पाणी नाही आणि वाळत घालायला आडोसा नाही, किंवा वापरलेले टाकायला जागा नाही, हे नंतर कळतं. मुलींना विचारलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं.

मोठ्यांसाठी नियम कडक हवा. मदतकार्यातल्या कुणीही १८ वर्षांखालच्या व्यक्तीशी लैंगिक संबंध ठेवायचा नाही, स्थानिक कायद्यात संमतीचं वय काहीही असो, आणि मदतीच्या बदल्यात असा संबंध मागणं हा बडतर्फीचा गुन्हा. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरसंस्था स्थायी समितीने २००२ मध्ये हे नियम घालून दिले. ते मुलांना त्यांच्या भाषेत सांगा, आणि तक्रार कुठे करायची तेही सांगा. तक्रारपेटी वाटपाच्या टेबलावर, वाटप करणाऱ्याच्याच नजरेसमोर ठेवली असेल तर ती रिकामीच राहणार.

सहावी पायरी : पहिल्या भेटीत शरीराचं काम

व्याख्यानाने सुरुवात करू नका. लगेच उपयोगी पडेल असं काहीतरी हातात द्या. पुनर्बांधणीच्या काळात खिळे, पत्रे, काचा यांनी होणाऱ्या जखमा रोजच्या असतात. म्हणून जखम धुणं, पट्टी बांधणं शिकवा आणि धनुर्वाताचा डोस तपासा. ९ ते १५ या वयात धनुर्वात-घटसर्पाचा बूस्टर द्यावा अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. विस्थापनात तो हमखास चुकतो. गोवराच्या मोहिमा आणीबाणीत १५ वर्षांपर्यंत राबवायच्या असतात, पण पाचच्या वरची मुलं रांगेत आणलीच जात नाहीत. तिथे तुमचे सोबती कार्यकर्ते कामाला येतात.

मुलींमध्ये रक्तक्षय किती आहे ते पाहा. जिथे पाळी येणाऱ्या मुली-बायकांमध्ये त्याचं प्रमाण २० टक्के किंवा जास्त असतं, तिथे आठवड्यातून एकदा ६० मिलिग्रॅम लोह आणि २.८ मिलिग्रॅम फोलिक अ‍ॅसिड अशी गोळी सुचवली जाते. मलेरियाचा भाग असेल तर मलेरियाच्या प्रतिबंधाची आणि उपचाराची सोय बरोबरच हवी. गोळीने शौच काळी होते, हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर गोळ्या फेकून दिल्या जातात. खरूज, डोळे, दात हेही तपासा. यातून मुलांना कळतं की ही माणसं उपयोगाची आहेत.

सुरुंग किंवा न फुटलेला दारूगोळा राहिलेल्या भागात हा विषय पहिल्याच दिवशी घ्या. भंगार गोळा करणारे आणि गुरं चारणारे मुलगे यात सर्वांत जास्त सापडतात. हात लावायचा नाही, जवळ जायचं नाही, आलेल्या वाटेनेच परत फिरायचं, मोठ्यांना सांगायचं.

सातवी पायरी : मन

काय करू नये, तिथून सुरू करतो. दुर्घटनेनंतर लगेच मुलांना गोल बसवून ‘त्या दिवशी काय झालं ते सांगा’ किंवा ‘ते चित्र काढा’ असं करायला लावू नका. घटना एका बैठकीत उगाळून घेण्याच्या या पद्धतीचा फायदा दिसत नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनाही ती वापरू नये असंच सांगते. त्याऐवजी २०११ पासून वापरात असलेल्या मानसिक प्रथमोपचाराच्या मार्गदर्शिकेत तीन साध्या क्रिया आहेत: पाहा, ऐका, जोडून द्या. कोण धोक्यात आहे ते पाहा, बोलायचं असेल त्याचं ऐका, आणि अन्न, निवारा, नातेवाईक, उपचार जे लागेल त्याच्याशी जोडून द्या.

बहुतेक मुलं सुरक्षितता, दिनक्रम, शाळा आणि जवळची माणसं मिळाली की हळूहळू सावरतात. पण सगळी नाही. संघर्षग्रस्त भागांत सुमारे २२ टक्के लोकांना कुठला ना कुठला मानसिक विकार असतो, असा अंदाज २०१९ मध्ये मांडला गेला. किशोरवयात तो रडण्यातून दिसेलच असं नाही. चिडणं, मारामारी, दारू, मुद्दाम धोका पत्करणं, किंवा फारच शहाण्यासारखं वागून घर ओढत राहणं. शेवटच्या प्रकारचं मूल सगळ्यांना आवडतं, म्हणून ते सगळ्यात उशिरा लक्षात येतं. ‘मी वाचलो, बहीण का नाही’ ही अपराधी भावनाही फार आत दडलेली असते.

एकट्याने बोलताना प्रश्नांचा क्रम सोप्याकडून अवघडाकडे ठेवा. घर, शाळा किंवा काम, जेवण, मित्र आणि वेळ कसा जातो, व्यसन, मग लैंगिक संबंध, आणि शेवटी मनातलं दुःख व सुरक्षितता. आत्महत्येबद्दल मात्र आडून विचारू नका. ‘जगू नये असं वाटतं का? तसं काही करायचा विचार आला का?’ असं थेट विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून सुटल्यासारखं वाटतं. उत्तर हो असेल तर मुलाला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी पुढची मदत मिळवा.

प्रशिक्षित पण मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या कार्यकर्त्यांना चालवता येईल असा एक गट-कार्यक्रम जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात लहान किशोरांसाठी ७ सत्रं आणि पालकांसाठी ३ आहेत. पालकांची ती तीन गाळू नका. बापाची झोप उडालेली असेल तर मुलाला श्वासाचे व्यायाम शिकवून किती फरक पडणार?

आठवी पायरी : शाळेचं दार

पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमध्ये इबोलाच्या साथीत शाळा सुमारे नऊ महिने बंद होत्या. त्या काळात अनेक मुली गरोदर राहिल्या. एप्रिल २०१५ मध्ये शाळा उघडल्या, तेव्हा पोट दिसणाऱ्या मुलींना वर्गात आणि परीक्षेला बसायला बंदी होती. ती उठली मार्च २०२० मध्ये. पाच वर्षं म्हणजे एका मुलीचं पूर्ण माध्यमिक शिक्षण.

त्यामुळे आरोग्य कार्यकर्तीच्या यादीत शाळेचा मुख्याध्यापकही असावा. गरोदर किंवा बाळ असलेल्या मुलीला परत घेतात का, बाळाला पाजायला वेळ देतात का, दाखला हरवला असेल तर चालतं का, हे विचारून ठेवा. १५ ते १९ वयाच्या मुलींच्या मृत्यूच्या जगभरातल्या प्रमुख कारणांत गरोदरपण आणि बाळंतपणातली गुंतागुंत येते. शाळेत टिकलेल्या मुलीचं लग्न आणि बाळंतपण, दोन्ही बहुधा पुढे ढकललं जातं.

नववी पायरी : नोंदी, आणि निघताना

‘इतक्या मुलांपर्यंत पोहोचलो’ हा आकडा फारसं काही सांगत नाही. त्यापेक्षा हे मोजा: दुसऱ्यांदा किती आली, पुढे पाठवलेल्यांपैकी खरंच किती पोहोचली, वाटेत किती गळाली आणि का. दर महिन्याला एकदा ‘कोण येत नाही’ एवढाच प्रश्न घेऊन बसा. मुलांचे फोटो काढू नका. चेहरा झाकला तरी मागचा तंबू ओळखू येतो.

निधी संपण्याची तारीख पहिल्या दिवसापासून माहीत असते, मग मुलांनाही ती माहीत असू द्या. किमान तीन महिने आधी स्थानिक आरोग्य केंद्रातली परिचारिका सत्रांना यायला लागली पाहिजे, म्हणजे मुलांना ती ओळखीची होईल. चालू उपचारांची प्रत्येक केस संमती घेऊन तिच्याकडे सोपवा, नावांची वही नियमाप्रमाणे नष्ट करा, पुढे कुठे पाठवायचं याचं ते एक पान सोबती कार्यकर्त्यांच्या हाती द्या. आणि शेवटच्या मंगळवारीही वेळेवर पोहोचा.